पाचव्या बुधवारचा कागद

१

"सर, एवढंच सांगते, हे खातं बंद झालंय," फोनवरची मुलगी म्हणाली. "जूनच्या अठ्ठावीस तारखेला. फंडातली सगळी रक्कम काढून घेतलेली आहे."

क्लॅरी व्हायनीने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या दिशेने पाहिलं. त्याच्या डोळ्यांना हल्ली माणसांच्या फक्त कडा दिसतात, चेहरे दिसत नाहीत. टर्न बेच्या ग्रंथालयात माझ्याच टेबलावर, माझ्याच फोनवरून आम्ही बोलत होतो. नोव्हेंबरची दोन तारीख, बुधवार होता, सकाळचे साडेदहा.

"कुणी काढली?" मी विचारलं.

"सहीचा अर्ज टपालाने आला होता. कुणाची सही, पैसे कुठल्या खात्यात गेले, हे मला सांगता येणार नाही. सरांना ओळखीचे प्रश्न विचारले, एकाचंही उत्तर जमलं नाही. तुम्ही लेखी अर्ज करा. कामाचे दहा दिवस लागतील."

दहा दिवस! आमच्या हातात दोन होते.

क्लॅरीने चाळीस वर्षं समुद्रातले क्रेफिश, म्हणजे शेवंड, पकडले. डोळे गेले तेव्हा त्याने बोट विकली, परवाना विकला आणि आलेले तीन लाख दहा हजार डॉलर जानेवारीत एका बाँड फंडात टाकले. त्याची बायको मर्ल आता गावच्या इस्पितळात तात्पुरत्या खाटेवर होती. सप्टेंबरात एका सकाळी ती झोपायच्या कपड्यांत धक्क्यावर सापडली, तेव्हापासून तिला घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. टेकडीवरच्या नर्सिंग होममध्ये, म्हातारपणी कायमचं राहायच्या शुश्रूषागृहात, एक खोली रिकामी झाली होती. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पावणेतीन लाख अनामत भरली तर ती मर्लची. नाहीतर पुढची जागा लॉन्सेस्टनला, अडीच तासांवर. क्लॅरीचा गाडी चालवायचा परवाना काढून घेतलेला, बस आठवड्यातून तीनदा. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली होती त्यांच्या.

"मी कसलीही सही केली नाही," तो म्हणाला. त्याचे हात टेबलाची कड शोधत होते. मग अगदी हळू, राग न करता त्याने विचारलं, "कार्मेल, नवशिक्यांनी सुरुवात करायला हे बरं, असं तूच म्हणाली होतीस ना?"

२

म्हणाले होते. खोटं कशाला बोलू? गेल्या वर्षी मी ग्रंथालयात वर्ग घेतला होता: बाँड फंडाची तोंडओळख, पाच बुधवार, चहा फुकट. बाँड म्हणजे कर्ज, मी सांगायचे. आपण सरकारला, मोठ्या कंपन्यांना पैसे उसने देतो, ते व्याज देतात. असल्या शेकडो कर्जरोख्यांची एक टोपली म्हणजे फंड, आणि त्या टोपलीतला लहानसा वाटा तुमचा. फळ्यावर सी-सॉ काढून दाखवला होता. व्याजदर वर गेला की जुन्या रोख्यांचा भाव खाली, कारण बाजारात जास्त व्याजाचा नवा रोखा मिळत असताना जुन्याला कोण विचारणार? क्लॅरी मागे बसून पेंगायचा. मर्ल पहिल्या रांगेत बसून टिपणं काढायची.

दुपारी बेकरीत पाय ठेवला तर सगळे गप्प झाले. माझी नेहमीची शिंपल्यांची पेस्ट्री न घेताच मी बाहेर पडले. रडू येत होतं, आणि ग्रंथालयाच्या पायरीवर नोला पायबस आपली चाकांची पिशवी घेऊन उभी होती.

नोला चौऱ्याहत्तरची. पतसंस्थेच्या टर्न बेमधल्या खिडकीमागे तिने तीस वर्षं काढली. गेल्या वर्षी ती खिडकी बंद झाली आणि नोलाकडे वेळच वेळ आला. गावातल्या प्रत्येकाची सही ती ओळखते आणि तोंडात सदैव पेपरमिंट असते.

"रडून झालं असेल तर गाडी काढ," ती म्हणाली. "मला क्लॅरीचे कागद पाहायचेत."

"लोक म्हणतात मीच..."

"लोक बावीस वर्षांपूर्वी म्हणत होते की माझा नवरा पतसंस्थेची तिजोरी घेऊन पळाला. तो पळाला होता, पण केशकर्तनवाली घेऊन. चल."

क्लॅरीच्या स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं, मर्लने लावून ठेवलेलं. चहापत्ती शोधताना मी फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्याला हात घातला. लाल फीत बांधलेला जुना पत्र्याचा डबा.

"तो नको!" क्लॅरी ओरडला. त्याला नुसत्या आवाजावरून कळलं होतं. "ख्रिसमसचा आहे तो. मर्लचा. चहा खाली आहे."

फंडाकडून आलेले हिशेबाचे दोन कागद होते, मार्चचा आणि जूनचा. प्रत्येकासोबत एक छोटं पत्र. जूनच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, पत्रात होतं: 'प्रिय श्री. व सौ. व्हायनी, आपली गुंतवणूक उत्तम चालली आहे. यंदा थंडी कडक आहे, काळजी घ्यावी.' जानेवारीपेक्षा मार्चचा आकडा थोडा मोठा, मार्चपेक्षा जूनचा आणखी थोडा. पत्राखाली डाव्या कोपऱ्यात फॉर्मवर असतात तशी दोन बारीक इंग्रजी अक्षरं होती.

"ही क्लॅरीला मी नेहमी वाचून दाखवायचे," नोला म्हणाली. "आकडा वाढला की खूश व्हायचा बिचारा. मीही मठ्ठ. सप्टेंबरचा कागद कुठाय?"

"आला नाही," क्लॅरी म्हणाला. "सप्टेंबरात मला टपाल कुठे सुचणार होतं?"

"कार्मेल, तुझ्या वर्गात या फंडाचं पत्रक होतं. त्यावरचं हे चिन्ह कुठल्या रंगाचं होतं?"

"निळ्या." मी क्लॅरीचा कागद खिडकीशी धरला. चिन्ह करडं होतं. आणि कागदाच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक काळी रेघ होती.

ती रेघ मी रोज पाहते. आमच्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर तीन वर्षांपासून ओरखडा आहे आणि नगरपालिका काच बदलून देत नाही.

"नोला," मी म्हटलं, "हे खोटे कागद माझ्या ग्रंथालयात तयार झालेत."

३

"झेरॉक्स अख्खं गाव काढतं," गुरुवारी सकाळी गाडीत बसताना नोला म्हणाली. "त्यावर तुला फाशी देता येणार नाही. आधी रॉस."

रॉस बेसेल गावाचे कर भरून देतो आणि बोल्स क्लबच्या हिरवळीवर पांढरे कपडे घालून चेंडू घरंगळवत मिरवतो. जानेवारीत व्हायनींचा अर्ज त्यानेच भरून दिला होता. आम्हाला पाहताच तो घामाघूम झाला.

"मी काय म्हणून पैसे घेईन? माझी प्रतिष्ठा आहे या गावात!"

"प्रतिष्ठेचं राहू दे, ती आम्ही पाहिलीय," नोला म्हणाली. "अर्जावर कुणाकुणाची सही चालेल असं लिहिलंस?"

"दोघांपैकी कुणाचीही एकाची. नेहमी तसंच लिहितात."

"आणि पैसे परत पाठवायचं बँक खातं? ज्याचा फंड त्याच्याच नावाचं खातं लागतं, बरोबर?"

"हो, हो. दोघांपैकी एकाच्या नावाचं चालतं. मर्लने नंबर सांगितला, मी लिहिला."

"चेकबुक पाहून?"

"नाही. तोंडपाठ. मला कौतुकच वाटलं. आणि अर्जाची प्रत मी ठेवली नाही, ते तेवढं... चुकलं." तो रुमालाने मान पुसत राहिला. "नोला, मला रात्रभर झोप नाही. क्लॅरीच्या नेहमीच्या खात्यात काही आलं नाही ना?"

"एक सेंटही नाही. काल पाहिलं आम्ही."

धक्क्यावर क्लॅरीचा पुतण्या जॅरड सापळे धूत होता. तो क्लॅरीचा कॉम्प्युटर सांभाळतो, आणि जुलैत त्याने कोरी करकरीत गाडी घेतली. गावाने मला सोडलं असतं तर ते याच्यावर घसरलं असतं.

"विचार, विचार," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "गाडी कुठून आली ते विचार. सात वर्षांच्या हप्त्यावर आली, कागद पुढच्या खणात आहेत. मी अंकल क्लॅरीचे पैसे खाईन? त्याने मला पोहायला शिकवलंय."

"मर्ल तुझ्याशी या पैशांबद्दल काही बोलली होती?" नोलाने विचारलं.

"पैशांबद्दल नाही." त्याने पाण्याचा पाईप बंद केला. "जूनमध्ये एकदा इथे आली, अंगात कोट, पर्स घट्ट धरलेली. म्हणाली, जॅरड, क्लॅरीची बोट बुडतेय रे, त्याला कळायच्या आत ओढून घेतली पाहिजे. मी म्हटलं, आँटी मर्ल, बोट विकून किती दिवस झाले! तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जसा मीच वेडा. तेव्हाच मला कळलं, ही आता हातची चालली."

नोलाने पेपरमिंट कडकन चावली. "जून कधी? सुरुवातीला की शेवटी?"

"शेवटी. शाळेच्या सुट्टीच्या आधी."

"कार्मेल, इस्पितळात ने मला," नोला म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता.

४

मर्ल व्हायनी पस्तीस वर्षं आमच्या शाळेची सेक्रेटरी होती. गावात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पण तिला मी आजही मिसेस व्हायनीच म्हणते. जीभ वळतच नाही. ती खाटेवर ताठ बसून कागदी रुमालांच्या घड्या घालत होती, कडेला कड मिळवून.

"कार्मेल रॅट्रे," ती म्हणाली. "आज पुन्हा डबा विसरलीस?"

"नाही, मिसेस व्हायनी."

"तुझ्या आईला फोन करायला लावू नकोस मला."

नोला खुर्ची ओढून बसली. तिने फंडाचं पत्र मर्लच्या मांडीवर ठेवलं. मर्लने ते वाचलं, समासावरून बोट फिरवलं आणि समाधानाने मान हलवली.

"नीट झालंय," ती म्हणाली.

"मर्ल, क्लॅरीची बोट कुठे आहे?" नोलाने विचारलं.

मर्लच्या चेहऱ्यावरून एकदम भीती सरकली. इतकी उघडी भीती मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. "खाली जात होती," ती कुजबुजली. "दर पत्राला खाली. कुणी सांगेना काय करायचं ते."

"मग तू काय केलंस?"

"बघायचं नाही!" तिने नोलाचा हात बाजूला सारला. "डिसेंबरच्या आधी कुणी बघायचं नाही. सांगून ठेवते."

त्यानंतर ती खिडकीबाहेर पाहत राहिली. परिचारिका आली, वेळ संपली. मी उठले तेव्हा मर्लने माझी बाही पकडली आणि एकदम जुन्या, स्वच्छ, ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "पाचवा कागद तू दिलाच नाहीस, कार्मेल."

५

गाडीत बसून मी ढसाढसा रडले. नोलाने रडू दिलं.

"पाचवा बुधवार," मी शेवटी म्हणाले. "भाव पडला तर काय करायचं, हा धडा होता. घाबरून विकू नका. व्याजदर वाढलेत म्हणजे फंड आता नवे, जास्त व्याजाचे रोखे घेतोय. वेळ हाताशी असेल तर थांबा, काही वर्षांत खड्डा भरतो. एवढंच लिहिलं होतं. त्या बुधवारी ते दोघं आलेच नाहीत. तिला विसरण्याच्या तपासणीसाठी डॉक्टरकडे जायचं होतं. मी म्हटलं, कागद आणून देते. आणि विसरले! नोला, मी विसरले."

"नाक पूस," नोला म्हणाली. "चार वाजता सगळ्यांना क्लॅरीकडे बोलाव. रॉसलाही. त्याला म्हणावं, केक घेऊन ये, हात हलवत येऊ नकोस."

चार वाजता आम्ही पाचजण त्या स्वयंपाकघरात होतो. रॉसने आणलेल्या लॅमिंग्टन केकना कुणी हात लावला नाही. क्लॅरी टेबलाच्या टोकाला बसला होता. एका दिवसात त्याचे गाल आत गेले होते.

"ऐका," नोला म्हणाली. "कागद खोटे आहेत. या वर्षी व्याजदर चढणार अशी कुणकुण लागली तेव्हापासून बाँड फंडांचे भाव पडतायत. सगळ्यांचे. मार्चचा खरा आकडा खाली होता, जूनचा त्याहून खाली. इथे मात्र दोन्ही वर. आता मला सांगा, चोर असा आकडा का लिहील?"

"संशय येऊ नये म्हणून," रॉस म्हणाला.

"अरे शहाण्या, संशय येऊ नये म्हणून खरा आकडा होताच की! पडलेला आकडा क्लॅरीला दाखवला असता, तर तो हळहळला असता, पण तक्रार कुणाकडे केली असती? शिवाय मार्चमध्ये पैसे फंडातच होते, चोरी झालीच नव्हती, आणि तरी मार्चचाही कागद खोटा आहे. चोरीच्या आधी चोर कशाला खोटं लिहील? हा आकडा लपवण्यासाठी लिहिला नाही. क्लॅरीला झोप लागावी म्हणून लिहिलाय."

जॅरडने मान वर केली.

"पत्र बघा. कुठला फंड विचारतो तुम्हाला थंडी कशी आहे? कुणीतरी खरा कागद घेतला, नवे आकडे टाईप करून त्यावर चिकटवले, आणि झेरॉक्स काढली. शाळेची पत्रकं वर्षानुवर्षं अशीच निघायची. कार्मेलच्या मशीनवर जाऊन कोण काय कॉपी करतं, कुणी बघतं का?"

"ती दर आठवड्याला यायची," मी म्हणाले. "विणकामाचे नमुने घेऊन."

"आणि हे." नोलाने पत्राच्या डाव्या कोपऱ्यावर नख ठेवलं. "एम आणि व्ही. जुन्या ऑफिसात पत्र कुणाचंही असो, टाईप करणारी आपली अक्षरं तळाला टाकायची. ठकवायला बसलेला माणूस आपलं नाव लिहीत नाही. पण पस्तीस वर्षं ज्या हाताने तसं टाईप केलं, त्या हाताला कोण अडवणार? क्लॅरी, तुमच्या पेटीतलं टपाल कोण आणायचं?"

"मर्लच," क्लॅरी म्हणाला.

"तिने पहिला पडलेला आकडा पाहिला आणि तुझ्यापासून लपवला. जूनच्या सुरुवातीला दुसरा पाहिला आणि तिचा धीर सुटला. आयुष्यात पहिल्यांदाच फंड घेतलेल्या माणसाला वाटतं, आता हा शून्यावर जाणार. थांबायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं." नोलाने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे. "म्हणून तिने तुझी बोट किनाऱ्याला ओढून घेतली. आपल्या एकटीच्या सहीने. मग सप्टेंबर आला, आणि कुठे बांधून ठेवली ते तीच विसरली."

खुर्ची मागे पडली. क्लॅरी उठून उभा राहिला होता. "म्हणजे गेले," तो म्हणाला. "तिलाच ठाऊक, आणि ती तर... नोला, उद्या बाराला मी तिला काय सांगू? लॉन्सेस्टनला ती कुणाला हाक मारेल?"

६

"खाली बस," नोला म्हणाली. "रॉस, तिने नंबर तोंडपाठ सांगितला असं तू म्हणालास. माणसाला खात्याचा कुठला नंबर पाठ असतो? जो त्याने शेकडो वेळा हाताने लिहिलाय तो. क्लॅरी, या घरात तू कधीच न पाहिलेली एक जागा आहे. मी खातेदारांची गुपितं बोलत नाही, आजही बोलणार नाही. तुझं तूच बघ."

क्लॅरीचं तोंड फ्रिजकडे वळलं. मग त्याने जोरजोरात मान हलवली.

"नाही. तो मर्लचा डबा आहे. भेटवस्तूंचे पैसे असतात त्यात, ख्रिसमसच्या खात्याचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला शब्द दिला होता, डोकावणार नाही. एक्कावन्न वर्षं नाही डोकावलो."

ख्रिसमसचं खातं पतसंस्थेत आमच्या आयाही ठेवायच्या. दर पंधरवड्याला थोडे टाकायचे, आणि वर्षभर ते कुणालाच काढता येत नाहीत, खुद्द खातेदारालाही. एक नोव्हेंबरला कुलूप उघडतं, म्हणजे परवाच उघडलं होतं. घाबरलेल्या बाईला पैसे कुठे ठेवावेसे वाटतील? जिथे तिचा स्वतःचाही हात पोचणार नाही तिथे. हे डोक्यात आलं आणि मी उभीच राहिले.

"अंकल क्लॅरी," जॅरड म्हणाला, "अरे उघड ना! तिच्यासाठीच आहे."

"शब्द दिलाय रे मी."

शेवटी क्लॅरी उठला, चाचपडत खिडकीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. "कार्मेल, तू उघड," तो म्हणाला. "तू वाच. मी बघत नाही."

फितीची गाठ मी नखाने सोडवली. आत दर वर्षाचं एकेक पाकीट होतं, सगळ्यात वर यंदाचं. पतसंस्थेचा कागद निघाला: मर्ल जोन व्हायनी, ख्रिसमस खातं, जूनची तीस तारीख, जमा दोन लाख ऐंशी हजार चारशे डॉलर. मी आकडा वाचला आणि रॉस बेसेल ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागला. त्याच्याकडून कुणालाच ही अपेक्षा नव्हती.

"तीस हजारांचा फटका," जरा सावरल्यावर तो म्हणाला. "थांबली असती तर..."

"थांबली असती तर आज हातात साधारण तेवढेच आले असते," नोला म्हणाली. "सकाळी आजचा भाव विचारलाय मी. खड्डा भरायला वर्षं लागतात, आणि खोली उद्या बाराला जाते. ऐकलंस, कार्मेल? तुझा कागद वेळेवर मिळाला असता तरी हिशेब हाच होता."

ऐकलं. तरी मनातला काटा निघाला नाही, आणि निघू नये असंच मला वाटतं. जूनपर्यंतची ती पत्रं तिने एकटीने कशी उघडली असतील?

पाकिटात अजून एक कागद होता. "यादी आहे," मी म्हणाले. "टाईप केलेली. वाचू?"

क्लॅरीने पाठमोऱ्यानेच होकारार्थी मान डोलावली.

"ख्रिसमस, दोन हजार बावीस. जॅरड, लोकरी टोपी. नोला, पेपरमिंट, मोठा डबा. रॉस बेसेल, काही नाही, गेल्या वर्षी आभाराचं पत्र आलं नाही." जॅरड हसला आणि हसताहसता त्याने डोळे पुसले. पुढची ओळ वाचायला मला दोनदा सुरुवात करावी लागली.

"क्लॅरी. त्याची बोट."

७

शुक्रवारी पतसंस्थेच्या शेजारगावच्या कचेरीत आम्ही दार उघडायच्या आधीच उभे होतो. मर्लच्या कागदांवर सही करायचा अधिकार वकिलाने क्लॅरीला सप्टेंबरातच करून दिला होता. खिडकीमागच्या मुलीने आकडा पाहून व्यवस्थापकाला बोलावलं, व्यवस्थापकाने वरच्या ऑफिसला फोन लावला आणि घड्याळ साडेअकराच्या पुढे गेलं. क्लॅरी माझा दंड धरून उभा होता. त्या पकडीचे वळ नंतर चार दिवस होते. बाराला सात मिनिटं कमी असताना नर्सिंग होममधून फोन आला, अनामत पोचली म्हणून. नोलाने पहिल्यांदाच स्वतः होऊन मला पेपरमिंट दिली.

रविवारी मी टेकडीवर गेले. खोली लहान आहे, पण खिडकीतून धक्का दिसतो. मर्ल खुर्चीत बसली होती. शेजारी क्लॅरी, इस्त्रीचा शर्ट घालून. मी पर्समधून कागद काढला, पाचव्या बुधवारचा, वर्षभर उशिरा.

तिने तो वाचला. शेवटच्या ओळीवर थांबली, पुन्हा वाचला. मग मांडीवरच्या फाईलमध्ये कडा जुळवून ठेवला.

"उशीर," ती म्हणाली. "वहीत नोंद करावी लागेल."

"करा, मिसेस व्हायनी," मी म्हटलं.

तिने क्लॅरीकडे वळून त्याला बराच वेळ निरखलं. कोण आहे हे आठवायचा प्रयत्न चालला होता, आणि आम्हा दोघांनाही कळत होतं की आज ते आठवत नाहीये. पण कपाळाला आठी तीच जुनी पडली.

"डब्यात बघितलंस का रे?"

"नाही गं," क्लॅरी म्हणाला. "शब्द दिलाय ना."

"बघू नकोस," मर्ल म्हणाली. तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. "तुला आवडेल असं आहे."